भरल्या गाडीचं माप

टेलरबाईंना न विचारता त्यांच्या गाडीला चाकं बसवली, इथंच पहिला घोटाळा झाला. ज्या बाईनं एकवीस वर्षं लोकांच्या अंगाची मापं घेतली, समोरून चालत येणाऱ्या माणसाचा कुठला खांदा उतरता आहे हे लांबूनच सांगितलं, तिलाच तिच्या गाडीच्या मापाचं विचारायचं नाही, याला काय म्हणावं! पण नवरे असेच. त्यातून हा नवरा चारच महिन्यांपूर्वी कचेरीतून निवृत्त झालेला. हाताला काम नाही आणि डोक्याला उसंत नाही. शनिवारी सकाळी टेलरबाई सोमवारच्या तयारीत गुंतलेल्या बघून तो गुपचूप गाडी घेऊन चाकाच्या दुकानात गेला, आणि दीड तासानं त्यानं फोन केला.

"अगं, ये तर खरी. ओळखणार नाहीस तुझीच गाडी."

"जुनी टायरं बदलून आणा म्हटलं होतं. ओळखायचं काय त्यात?"

"तू ये. आणि सगळ्यांना घेऊन ये."

सगळ्या म्हणजे तिघी. टेलरबाईंबरोबर शिलाईच्या जुन्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून आलेल्या. त्यातल्या दोघी एकमेकींच्या जावा: थोरली कटिंगला, धाकटी मशीनवर, आणि दिवसभर दोघींची तोंडं मशीनपेक्षा जोरात. तिसऱ्या काजमावशी. बटणांची काजं करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता यंत्रं आली, तरी मावशींनी हातानं केलेलं काज आणि यंत्राचं काज शेजारी ठेवा, आंधळासुद्धा बोट फिरवून सांगेल कुठलं कुणाचं.

पण मावशी अंगानं जबर होत्या. साध्या शब्दांत सांगायचं तर खूप लठ्ठ. कारखान्याचा मालक त्यांना मागच्या खोलीत बसवायचा, गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. असं तीस वर्षं. टेलरबाईंनी स्वतःचं काम काढायचं ठरवलं आणि मावशींना बोलावलं, तेव्हा त्या पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "मी मावायची नाही हो तुमच्या गाडीत." टेलरबाई तिथल्या तिथे म्हणाल्या होत्या, "चौघी एका गाडीतून जाणार, चौघी एका गाडीतून येणार. हे ठरलं. आता बोलू नका."

आणि सोमवार म्हणजे साधा सोमवार नव्हता. गावाबाहेरच्या डोंगरावर मोठं रुग्णालय होतं, त्यातल्या अडीचशे परिचारिकांचे गणवेश. जागेवर मापं घ्यायची, जागेवर नमुना शिवून दाखवायचा, सकाळी सातला हजर. दोन शिलाई मशीन, कापडाचे तीन तागे, मोठी इस्त्री, आणि काजमावशींची बटणांची पेटी, इतकं सगळं गाडीत चढणार. गाडी जुनी पण लांब पाठीची, म्हणून तर घेतली.

दुकानापाशी पोचल्यावर गाडी खरंच ओळखू आली नाही. खाली चार चकचकीत चाकं, इतकी रुंद की मडगार्डाच्या बाहेर दीड बोट आली होती. जावांनी एका सुरात "अय्या!" केलं. नवरा कंबरेवर हात ठेवून उभा, गाडी त्यानंच घडवल्यासारखा.

"काय? कशी दिसते?"

"कुणाच्या तरी मापाचे बूट घातल्यासारखी," टेलरबाई म्हणाल्या.

चाकवाला हसला. दुकान त्याचंच, उंचापुरा माणूस, बोलायला गोड पण आपल्या कामाबद्दल कमालीचा अभिमानी. "ताई, हे आठ इंची रिम आहे, वर दोनशे पंचवीस मिलिमीटरचं टायर. तुमच्या गाडीला आधी सहा इंची रिम आणि एकशे पंच्याण्णवचं होतं. बारीक. आता गाडी रस्त्याला धरून बसेल. साहेबांनी स्वतः निवडलंय."

"रुग्णालयाच्या फाटकात गाडी शिरली की लोक आधी काय बघतात?" नवऱ्यानं विचारलं. "गाडी बघतात. मग माणूस. काळ्या लोखंडी चाकांवर गेलीस तर वाटेल, कुणाची तरी भाजीची गाडी आली."

टेलरबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घातली. दोन बोटं गेली.

"बघा," चाकवाला म्हणाला, "दोन बोटं मोकळं. आम्ही दोन बोटांवर पास करतो."

"गाडी रिकामी आहे."

"हो, म्हणजे..."

"रिकाम्या गाडीला कुठं जायचंय?" टेलरबाईंनी विचारलं. "मी कुणाच्या पँटचं माप घेतलं, तर त्याला उभं करते, बसवते, वाकायला लावते. नुसत्या उभ्या माणसाला शिवलेली पँट बसल्यावर टरकते. गाडी बसवून बघितलीत का?"

चाकवाल्याचा मेहुणा दुकानात जॅक लावायचं काम करायचा. तो तोंड फिरवून हसला. गाडी बसवून बघा म्हणे! पण टेलरबाई गंमत करत नव्हत्या. त्यांनी जावांना घरी पिटाळलं. अर्ध्या तासात टेम्पोतून मशीनं आली, तागे आले, इस्त्री आली, पेटी आली. सगळं मागं रचलं. जावा मागच्या सीटवर, आणि खिडकीपाशी कोण यावरून तिथंही एक छोटी चकमक झालीच. काजमावशी पुढे, टेलरबाईंच्या शेजारी. त्या बसल्या आणि गाडी त्यांच्या बाजूला खाली गेली. मावशींनी ते ओळखलं, कारण ते ओळखायची त्यांना आयुष्यभराची सवय होती. त्यांनी मान खाली घातली.

निघण्याआधी टेलरबाईंनी पिशवीतून मार्किंगचा खडू काढला आणि चारही टायरच्या खांद्यावर जाड पट्टे ओढले. चाकवाला कपाळाला आठ्या घालून बघत राहिला.

"हे कशाला?"

"जिथं घासेल तिथं उमटेल. मग वाद नको."

दुकानासमोर फुटपाथला गाड्या चढायला एक उतार होता, वर चढताना एक खड्डा, आणि लगेच वळण. टेलरबाईंनी स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडी त्यावर घातली. खर्रर्र! असा आवाज आला की जावा किंचाळल्या आणि नवऱ्यानं कान झाकले. मागे घेतली, पुन्हा खर्रर्र. उतरून पाहिलं, तर पुढच्या मडगार्डाच्या काठाला खडू, मागच्या दोन्हींना खडू, आणि टायरच्या कडेचं रबर सोललेलं. तेही नवं कोरं टायर.

थोरली जाऊ म्हणाली, "डोंगरावर ही टायरं फाटली असती तर?"

चाकवाल्यानं खाली बसून सोललेल्या रबरावरून अंगठा फिरवला. माणूस अभिमानी असला तरी डोळे उघडे होते. तो उठून म्हणाला, "मडगार्डाची पट्टी आत वळवून देतो. जरा कापायलाही लागेल. तासाभराचं काम."

"कपडा घट्ट झाला तर तुम्ही अंग कापता का?"

"अहो ताई, सगळे करतात."

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी. माझ्या गाडीला कात्री लागणार नाही."

आणि इथं नवऱ्यानं तोंड उघडलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. असं बोलणाऱ्यांच्या मनात वाईट कधीच नसतं, तिथंच तर सगळं बिघडतं. तो म्हणाला, "नाहीतर असं करू. एक जणी बसनं गेली तर? म्हणजे... वजन जरा कमी झालं की..."

एक जणी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. सगळे काजमावशींकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होते की ते बघण्यापेक्षा वाईट दिसत होतं. मावशी गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या.

"हो की," त्या पटकन म्हणाल्या, "मी जाते बसनं. मला सवय आहे."

"डोंगरावर बस किती वाजता पोचते?" टेलरबाईंनी विचारलं.

"साडेनऊ."

"आणि नमुना सातला. काजं कोण करणार, हे?" त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. टेलरबाईंचा राग असा होता की तो आवाजात चढायचा नाही, उलट आवाज उतरायचा. "परत हे बोलायचं नाही, अहो. गाडी चौघींची आहे. चाक चौघींच्या मापाचं बघायचं. चाकाला चौघी बसत नसतील तर चाक बदला."

चाकवाल्यानं ते ऐकलं आणि आतून दुसरं रिम आणलं. हेही चकचकीत, पण जरा कमी रुंद. "हे सात इंची. वर दोनशे पाच. मधलं माप. चमक तीच."

नवऱ्याचा चेहरा उजळला. टेलरबाईंनी गळ्यातली फीत काढली, रिमच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लावली, वाचली, पुन्हा लावली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे आठ आहे."

"सात आहे, ताई."

"फीत खोटं बोलत नाही. आठ भरतंय. मघाशी आठाचंच दिलंत, आता तेच सात म्हणून देताय? बाई बघून माप फिरवता होय?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी माना वळवल्या. चाकवाल्याचं तोंड लाल झालं. पण त्यानं भांडण केलं नाही. रिम आडवं धरलं, आणि आतल्या बाजूला, काठाच्या खाली जिथं सपाट जागा होती, तिथं बोट ठेवलं.

"टायर कुठं बसतं? इथं. हा बाहेरचा काठ म्हणजे टायरला धरून ठेवायची भिंत. इकडे अर्धा इंच, तिकडे अर्धा इंच. तो मापात धरत नाहीत. आता इथून इथं लावा फीत."

टेलरबाईंनी लावली. बरोबर सात.

"म्हणजे शिलाई सोडून," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कपडा कापताना शिलाईला म्हणून बाहेर अर्धा इंच जास्त ठेवतो. तो मापात नसतो. तुमचं रिमही तसंच. चुकलं माझं. आणि चारचौघांत बोलले, तर चारचौघांतच सांगते. हा माणूस माप चोख देतो." हे शेवटचं वाक्य त्या दोन गिऱ्हाइकांकडे वळून, खणखणीत. टेलरबाईंचं असंच. चूक करायची ती दणक्यात, आणि कबूल करायची ती त्याहून दणक्यात.

चाकवाला जरा गडबडला. मग त्यानं मेहुण्याला चहा सांगायला पाठवलं, आणि त्यानंतर तो ताईंशी बोलायचा तसा नाही, कारागिराशी बोलतात तसा बोलायला लागला. सात इंची रिमवर दोनशे पाचचं टायर कसं सरळ उभं राहतं, तेच आठ इंचीवर घातलं तर कडा कशा ताणल्या जातात. टेलरबाई ऐकत होत्या, मधूनच विचारत होत्या, आणि चहा निवत होता. टायरच्या कडेवरची बारीक अक्षरं त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचली.

"हा एक्याण्णव कसला?"

"एक टायर किती वजन पेलेल त्याचा आकडा."

"आणि त्या रुंद टायरवर?"

चाकवाल्यानं बघितलं. "एक्याण्णवच."

"म्हणजे रुंद आहे म्हणून जास्त पेलतं, असं नाही."

"नाही," चाकवाला म्हणाला. मग थांबून, "लोकांना वाटतं तसं. मी पण सांगतो कधीकधी."

सात इंची चाकं चढली. पुन्हा खडू, पुन्हा सगळ्या आत, पुन्हा तो उतार. टेलरबाईंनी स्टेअरिंग वळवलं. नवरा बाहेरून चाकाशी कान नेऊन गाडीबरोबर वाकून चालत होता. गाडी चढली, खड्ड्यात गेली, वळली. आवाज नाही. मागे घेतली. आवाज नाही. नवऱ्यानं दोन्ही हात वर केले. जावांनी टाळ्या पिटल्या. चमकही राहिली आणि चौघीही बसल्या!

टेलरबाई मात्र उतरल्या त्या थेट गाडीच्या मागे गेल्या. हाताखालच्या गाडीचं अंग त्यांना हलकं लागलं होतं. तसं ते त्यांना नेहमी कळायचं, कापड हातात घेतलं की तागा किती उरलाय हे कळावं तसं. मागचं दार उघडलं. मशीनं होती, तागे होते. इस्त्री नव्हती. पेटी नव्हती.

"पेटी कुणी काढली?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. काजमावशी गाडीतच बसून होत्या, समोर बघत. पेटी आणि इस्त्री दुकानाच्या कडेला, जुन्या टायरांच्या थप्पीमागे होत्या. रिमच्या मापावरून सगळे भांडत असताना मावशींनी दोन्ही एकटीनं उचलून तिथं नेऊन ठेवल्या होत्या.

"मावशी," टेलरबाई दाराशी जाऊन म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत?"

"पंचवीस-तीस किलोचं ओझं आहे ते," मावशी हळूच म्हणाल्या. "बटणं पिशवीत नेता येतात. इस्त्री तिथली मागून घेऊ. माझं वजन मला कमी करता येत नाही हो. पेटीचं येतं."

टेलरबाईंना रागही आला, मायाही आली, आणि कुठलं आधी बाहेर काढावं हे त्यांना कळेना. म्हणून त्या पेटीकडे जायला वळल्या, तर नवरा आधीच तिथं होता. त्यानं पेटी उचलली. ती इतकी जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. एकदा खाली टेकवून पुन्हा उचलली. गाडीत ठेवली, मग इस्त्री आणून ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

पुन्हा उतार. या वेळी आवाज आला. मघासारखा खर्रर्र नाही, बारीकसा, नख घासल्यासारखा, मावशींच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. मावशींना मागे बसवून पाहिलं, तर मागच्या चाकाला. खडूची एक पातळ रेघ काठावर उमटली होती.

"एवढंसं तर आहे," नवरा म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता जोर नव्हता.

"अठ्ठावीस किलोमीटर डोंगर आहे," चाकवाला स्वतःच म्हणाला. "एवढंसं घासत घासत वर गेलं तर टायर कडेला कापलं जाईल. आत बसणारं रिम मागवता येईल, पण पंधरा दिवस लागतात."

"सोमवारी जायचंय," टेलरबाई म्हणाल्या.

काजमावशी उतरल्या. दार अगदी अलगद लावलं, गाडीला दुखेल की काय अशा काळजीनं. "बाई, ऐका माझं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिघी जा. मी उद्या रात्रीपर्यंत नमुन्याच्या बटणपट्टीवर काजं करून देते, तुम्ही नुसतं शिवून दाखवा. मी मागच्या खोलीत बसूनच काम केलंय, मला काही वाटत नाही. खरंच. इतकी चांगली चाकं माझ्यापायी कशाला घालवता?"

ते बोलताना त्या हसत होत्या, आणि ते हसणं बघवत नव्हतं. धाकटी जाऊ, जिला एरवी कशानं रडू येत नाही, ती उगाचच मशीनची दोरी आवळू लागली. टेलरबाई चाकवाल्याकडे वळल्या.

"तुमच्याकडे एकशे पंच्याण्णवचं आहे का? जुनं होतं त्याच मापाचं, पण जास्त वजनाचं?"

चाकवाल्यानं मान खाजवली. "आहे. पंच्याण्णव आकड्याचं. दिवसभर माणसं आणि सामान वाहणाऱ्या गाड्यांना देतो. पण त्याचं रिम तुमच्या जुन्यासारखंच साधं आहे, ताई. लोखंडी. काळं. सहा इंची. त्याला दिसण्यासारखं काही नाही."

"टायर अरुंद, पण पेलतं जास्त."

"सगळ्यात जास्त. इथली चमकणारी सगळी त्याच्या खाली."

"मग ती चढवा."

"अगं पण..." नवरा म्हणाला.

टेलरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी रागानं नाही. "अहो, तुम्ही चाकं हौसेनं निवडलीत, ते मला कळलं. चार महिन्यांत पहिल्यांदा तुम्ही सकाळी शीळ घालत बाहेर पडलात, तेही ऐकलं मी. पण फाटकात लोकांनी चाकं बघावीत असं मला नाही वाटत. दार उघडून चौघी उतरताना बघावं. आणि पुढच्या दारातून मावशी उतरतील."

नवऱ्यानं शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि मेहुण्याबरोबर चमकती चाकं ढकलत आत घेऊन गेला. बाहेर आला तो काळं चाक घेऊन.

चाकं चढायला पाऊण तास लागला. गाडी आता साधी दिसत होती, अगदी साधी, पण मडगार्डाच्या आत नीट बसलेली, कुठं ओढ नाही की झोळ नाही. टेलरबाई दोन पावलं मागे सरून बघत राहिल्या आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. नेमकं माप बसलं की त्यांना नेहमीच असं हसू यायचं.

काजमावशी मात्र बसायला तयार होईनात. "आधी माझ्याशिवाय बघा."

"मावशी, चला."

त्या बसल्या. जावा बसल्या. टेलरबाईंनी चावी फिरवली, आणि सहज शेजारी पाहिलं. मावशींनी दाराच्या वरची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, गाल फुगले होते, श्वास रोखलेला, आणि अंग सीटपासून अर्धं उचललेलं. दंड थरथरत होते. टेलरबाईंनी अशी माणसं हजारदा पाहिली होती. फीत कंबरेला लागली की पोट आत ओढून उभी राहणारी. पण इतक्या जोरानं, इतक्या मनापासून स्वतःला उचलून धरणारं कुणी पाहिलं नव्हतं.

"मावशी, काय करताय?"

"काही नाही," मावशी दातांतून म्हणाल्या. "तुम्ही चालवा."

चाकवाला खिडकीशी वाकला होता. त्याला हसू आवरेना, पण ते चांगलं हसू होतं. "अहो मावशी, ती मूठपण गाडीचीच आहे! तुम्ही तिला लोंबकळलात तरी वजन गाडीतच राहतं. कुठं जाणार ते?"

मागे जावांना हसू फुटलंच. नवराही हसला. मावशींनी गोंधळून मुठीकडे पाहिलं, मग चाकवाल्याकडे, मग टेलरबाईंकडे.

"सोडा ती," टेलरबाई म्हणाल्या. "श्वास सोडा. पूर्ण टेकून बसा. तुमच्यासकटच माप घेतलंय मी."

मावशींनी आधी एक हात काढला. मग दुसरा. मग हळूहळू, जणू कुणाची परवानगी आहे की नाही ते चाचपत, पाठ मागे टेकवली. त्यांचं सगळं वजन सीटवर आलं. गाडी त्यांच्या बाजूला खाली बसली, जेवढी बसायची तेवढी. टेलरबाईंनी स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडी उतारावर चढवली. खड्डा आला. गाडी एकदा खाली दबली, वर आली, वळली. नवरा वाकून धावत होता.

"काही नाही!" तो ओरडला. "अजिबात काही नाही!"

टेलरबाईंनी गाडी मागे घेतली. तरीही काही नाही. चाकवाल्यानं मडगार्डाच्या काठावरून बोट फिरवून बघितलं आणि स्वच्छ बोट सगळ्यांना दाखवलं. मागे जावांचा गलका सुरू झाला, सोमवारी किती वाजता निघायचं, कोण कुठं बसायचं.

काजमावशींचे डोळे भरून आले होते ते त्यांनी पुसले नाहीत. दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवून त्या समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. मग टेलरबाईंकडे न बघताच म्हणाल्या, "बाई, पुन्हा एकदा न्या ना त्या उतारावरून."

टेलरबाईंनी गाडी वळवली.